उतारावरील चेंडू

पालमकडून जांभूळबेटाच्या रोखानें गोदावरीच्या कांठीं जाऊं लागलें म्हणजे जमिनीचा उतार डोळ्यांच्या आधीं पायांस कळतो. डोक्यावर घागर घेऊन असा उतार उतरणारी स्त्री अंग किंचित् मागें झुकविते. तें तिला कोणीं शिकविलेलें नसतें. गोल्फच्या खेळांत मात्र हीच उपजत बुद्धि खेळाडूस फसविते. तें कसें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

आमच्या तालुक्यांत गोल्फचें मैदान नाहीं, हें खरें. तथापि हा खेळ केवळ धनिकांचा असें बालवाचकांनीं समजूं नये. लहानपणीं दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहणाऱ्या अली शेर यांनीं १९९१ सालीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. पुण्यांत जन्मलेल्या अनिर्बन लाहिरी यांनीं २०१५ सालीं अमेरिकेंतील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेंत संयुक्त पांचवें स्थान मिळविलें.

या खेळाचा मुख्य दंडक असा कीं, चेंडू जेथें पडला तेथूनच मारावयाचा. मग जमीन सपाट असो वा नसो. उजव्या हाताच्या खेळाडूचें लक्ष्य त्याच्या डाव्या बाजूस असतें. त्या बाजूस उतार असला कीं तो घागरवाल्या स्त्रीप्रमाणें मागें झुकतो आणि काठी चेंडूऐवजीं त्यामागील जमिनीवर आपटते. उलट, चढावर ताठ उभा राहिला तर काठी जमिनींत रुतते. म्हणून दोन्ही वेळां खांदे जमिनीच्या उताराशीं समांतर ठेवावयाचे. तसें केल्यास चढावरून चेंडू उंच जातो व जवळ पडतो. उतारावरून तो खालून जातो व पडल्यावर पुष्कळ घरंगळतो. त्या अंदाजानें काठी निवडावी.

चेंडू पायांहून उंच असल्यास निराळाच चमत्कार घडतो. वहीचा पुठ्ठा डावीकडे तोंड करून उभा धरा, थोडा मागें कलवा आणि त्याची पलीकडील कड वर उचला. पुठ्ठ्याचें तोंड तुमच्याकडे वळलेलें दिसेल. काठीच्या पात्याचेंही तसेंच होतें आणि चेंडू लक्ष्याच्या डावीकडे जातो. पातें जितकें अधिक कललेलें, तितकी ही चूक मोठी. यास्तव काठी आंखूड धरून, अंग थोडें ताठ ठेवून, नेम उजवीकडे धरावा.

चेंडू पायांखालीं असल्यास सर्व उलट: काठी शेवटास धरावी, गुडघे व कंबर अधिक वांकवावीं, नेम डावीकडे. आमच्या मतें चारांत हाच प्रकार सर्वांत कठीण. फटका पुरा होईपर्यंत गुडघे तसेच ठेवणें भल्याभल्यांस साधत नाहीं.

चारही प्रकारांत काठी पूर्ण वेगानें फिरवूं नये, कारण तोल जातो. आधीं चेंडूवांचून एकदोनदां फिरवून पाहावी. जेथें गवत घासलें जाईल तेथेंच चेंडू येईल असें उभें राहावें. चढावर व उतारावर ती जागा बहुधा उंच पायाकडे सरकलेली आढळते.