कळ सोसायची तरी किती?

जबलपूरच्या भंवरताल बागेत बकुळीचं एक झाड आहे. तिथले लोक त्याला मौलश्री म्हणतात. २१ मार्च १९५३ च्या रात्री आपल्याला याच झाडाखाली ज्ञान झालं, असं अध्यात्मगुरू रजनीश सांगत. १९६६ पर्यंत ते जबलपूरच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात त्यांचा आश्रम सुरू झाला आणि पाश्चात्त्य शिष्यांबरोबर तिथे 'रोल्फिंग'ही आलं.

इडा रोल्फ (१८९६–१९७९) या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली ही पद्धत. स्नायूंवरच्या चिवट आवरणावर, म्हणजे फॅशियावर, बोटांनी, मुठीने, कोपराने सावकाश दाब द्यायचा आणि दहा बैठकांत शरीराची ठेवण सुधारायची. नाव झालं ते मात्र जीवघेण्या कळांसाठी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या आश्रमातच तिच्यातून 'रीबॅलन्सिंग' निघालं. त्यात हात खोलवरच जातो, पण घेणाऱ्याच्या श्वासाच्या कलाने.

हा बदल फार मोलाचा आहे. कळ असह्य झाली की माणूस श्वास रोखतो, मुठी आवळतो. ज्या स्नायूला सैल करायचं तोच ताठरतो. मग दाब वाढवला जातो आणि कळही वाढते. शिवाय मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा जाड फॅशिया हाताच्या जोराने जराही बदलायचा, तर माणसाच्या आवाक्याबाहेरची ताकद लागेल, असं २००८ मधल्या एका गणिती अभ्यासात दिसलं. म्हणून मालिशनंतर अंग मोकळं वाटतं त्याचं बरंचसं श्रेय मज्जासंस्थेला द्यावं, असं अनेक अभ्यासक मानतात. तिला धाक दाखवून भागत नाही, भरवसा द्यावा लागतो.

तरीही 'दुखलं नाही तर पैसे वाया' ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, आणि टेबलावर पालथं पडलेला माणूस 'जरा हळू' म्हणायला संकोचतो. त्याने म्हणावंच. दाबाखाली जड, पसरट दुखतं आणि श्वास सोडताना ते निवतं, ते गोड दुखणं. सुईसारखी सणक, विजेसारखी कळ किंवा मुंग्या आल्या, तर हात तिथेच थांबायला हवा.

पायात रक्ताची गुठळी असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. दुसऱ्या दिवशी अंग आंबणं नेहमीचंच, ते दोनेक दिवसांत उतरतं. बधिरपणा राहिला किंवा पोटरी सुजली, तर मात्र पुन्हा मालिशवाल्याकडे न जाता थेट दवाखाना गाठावा.