रेयूनियोंच्या पणज्यांचं माहेर

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात रेयूनियों नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे माणसाची कायमची वस्ती नव्हती. पक्षी, महाकाय कासवं आणि अधूनमधून गोड्या पाण्यासाठी थांबणारी जहाजं, एवढंच. आज तिथे राहणाऱ्यांचे पूर्वज गेल्या साडेतीनशे वर्षांत समुद्रावरून आले आहेत. एखादा समाज कोणत्या साली जन्मला हे सांगता यावं, असं भाग्य इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच लाभतं.

१६६३ साली लुई पायाँ हा फ्रेंच माणूस, त्याचा एक सोबती आणि दहा मालागासी, म्हणजे मादागास्करची माणसं, तिथे उतरली. त्या दहांत बायका तीनच होत्या. बायकांवरून तंटा पेटला आणि मालागासी मंडळी डोंगरात निघून गेली. दोन वर्षांनी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने आपले वसाहतकरी पाठवले. पुरुष येत राहिले, बायकांची मात्र चणचण. मग १६७८ च्या सुमारास सुरतेकडून आलेल्या जहाजातून काही तरुण मुली बेटावर पोचल्या. त्या गोवा-दमणच्या पोर्तुगीज मुलखातल्या. परेरा, रोझारियो अशी त्यांची आडनावं, आजही गोव्यात आणि वसईत घरोघरी ऐकू येणारी. त्या स्वखुशीने निघाल्या होत्या का, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

पण त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या पेशींत एक नोंद राहिली. आपल्या पेशीच्या केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रिया असतात, पेशीला ऊर्जा पुरवणारे. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो: अवघ्या १६,५६९ अक्षरांचा, टोकं जुळवून वर्तुळ झालेला. शुक्रपेशीचे मायटोकाँड्रिया बीजांडात शिरतात खरे, पण तिथे ते नष्ट केले जातात. उरतात ते आईचेच. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही ते आईकडून मिळतात. पुढे मात्र फक्त मुलगी देते. क्वचित एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढे लेकी-नातींत जसाच्या तसा उतरतो. अशा बदलांची जुळणी करत आईची आई, तिची आई असं मागे मागे जाता येतं. वडिलांची रेषा तशीच वाय गुणसूत्रावरून शोधता येते.

रेयूनियोंत या दोन्ही रेषा तपासणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांच्या रेषेत युरोपचंच प्राबल्य दिसलं. आईच्या रेषेत युरोप जेमतेम. तिथे होते आफ्रिका, भारत आणि चक्क पूर्व आशिया! एकाच माणसाच्या एकाच पेशीत दोन वेगळे समुद्रप्रवास. वसाहतीत सत्ता कोणाच्या हाती होती आणि मुलं कोणी जन्माला घातली, याची याहून बोलकी साक्ष मला माहीत नाही.

यातला पूर्व आशियाई धागा मला सर्वांत थक्क करतो. त्याचा बराचसा भाग आला मादागास्करमार्गे. हजारेक वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी, बोर्निओच्या बाजूचे लोक होड्यांतून अख्खा हिंदी महासागर ओलांडून मादागास्करला पोचले. मालागासी भाषेची सर्वांत जवळची नातलग आजही आग्नेय बोर्निओत बोलली जाते. १६६३ मध्ये उतरलेल्या त्या तीन बायका मादागास्करच्या. असा प्राचीन प्रवास त्यांच्याही रक्तात असू शकेल.

भारतीय धागा सगळा गोवा-दमणच्या मुलींचा नव्हे. अठराव्या शतकात भारतातून गुलाम नेले गेले आणि १८४८ साली गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हजारो करारबद्ध मजूर, त्यांत तमिळ जास्त. शिवाय मायटोकाँड्रियाचा डीएनए सांगतो ती एकाच पूर्वजेची कथा. दहा पिढ्या मागे गेलं, तर पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. त्यांतल्या एकीचाच हा माग. आणि जिला फक्त मुलगेच झाले, तिची रेषा तिथेच थांबली.

तरी हा डीएनए जे सांगतो, ते आडनाव कधीच सांगू शकलं नसतं. परेरा म्हटलं की पोर्तुगीज बाप किंवा बाप्तिस्म्याचं नाव एवढंच कळतं. त्या मुलीची आई, आजी, पणजी बहुधा इथल्याच मातीतली, आणि त्यांची नावं सहसा सापडत नाहीत. रेयूनियोंतले लोक आपल्या वंशावळी मोठ्या आस्थेने शोधतात. त्यांतल्या अनेकांचा शोध या मुलींपाशी येऊन अडतो. पुढचं दार उघडलं तर आपल्याकडूनच उघडेल. गोवा-दमणच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या आणि पणजीच्या पुराभिलेखागारातली पोर्तुगीज दप्तरं ज्यांना वाचता येतात, त्यांनी त्या काळातली पानं या मुलींसाठी एकदा जरूर चाळावीत.