लॅपटॉप आत्याचा, ओटीपी पुण्यात

नगर जिल्ह्यात नवा लॅपटॉप बहुधा शनिवारी येतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा किंवा भाचा तो घेऊन येतो, रात्री जेवणं उरकल्यावर खोकं उघडतं, आणि रविवारी दुपारी ‘सगळं सेट करून दिलंय’ असं सांगून तो माळीवाडा स्टँडवरून पुण्याची गाडी पकडतो. मंगळवारी-बुधवारी लॅपटॉप कशासाठी तरी ओटीपी मागतो. तो ओटीपी जातो हिंजवडीत, भाच्याच्या फोनवर. भाचा मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. इकडे पाथर्डीत आत्या स्क्रीनकडे बघत बसलेली. चार-पाच वेळा असं झालं, की लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल पडतो आणि तो टीव्हीशेजारी शोभेला जातो.

दोष आत्याचा नाही, यंत्राचाही नाही. भाच्याने लॅपटॉप स्वतःच्या सोयीने लावला, एवढंच. घरातल्या मोठ्या माणसाला लॅपटॉप लावून देताना दहा गोष्टी चुकल्या तरी चालतील, एक चुकता कामा नये. लॅपटॉप ज्याचा, खातं त्याच्या नावाचं आणि ओटीपी त्याच्याच फोनवर.

नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की विंडोज ११ ची होम आवृत्ती इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. घाई असते, म्हणून बहुतेक जण इथे आपलाच ईमेल आणि आपलाच पासवर्ड टाकून मोकळे होतात. तसं करू नका. आत्याला शेजारी बसवा, तिच्या नावाने नवा ईमेल उघडा, मोबाइल नंबर तिचा द्या, आलेला ओटीपी तिलाच वाचायला सांगा. अर्धा तास जास्त जाईल. पासवर्ड तिनेच ठरवावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. ‘पासवर्ड कुठेही लिहू नये’ हा सल्ला कचेरीत ठीक आहे. घरच्या कपाटातली वही चोरायला रशियातून कोणी येत नाही. खरा धोका असतो तो सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यात. पिन मात्र जन्मसाल किंवा १२३४ नको.

खातं तिच्याच नावाचं हवं, याला आणखी एक कारण आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलात की आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतलं काही वाचता येत नाही, म्हणून सोय चांगली. पण दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, किंवा कधी एखाद्या अपडेटनंतर, यंत्र निळा पडदा दाखवून ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागतं. ही किल्ली त्या खात्यात जमा असते. खातं भाच्याचं असेल आणि त्याने मधल्या काळात ते बंद केलं असेल, किंवा घाईत उघडलेल्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तर नातवंडांचे फोटो, पेन्शनची कागदपत्रं, सगळं आतच राहतं. दुकानदारही ते काढून देऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी खात्यात जाऊन ती किल्ली शोधा, कागदावर छापून घ्या आणि सातबारा-रेशनकार्ड ज्या फायलीत असतं त्याच फायलीत लावा.

आता नवा लॅपटॉप म्हणजे दर वेळी दुकानातून आलेलाच असतो असं नाही. निम्म्या घरांत मुलगा स्वतःसाठी नवा घेतो आणि जुना वडिलांना ‘नवा’ म्हणून देतो. त्यात गैर काही नाही, पण आधी एक तपासा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, पण ती नोंद करून घ्यावी लागते. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याहून जुनं यंत्र वडिलांना देऊन त्यावर त्यांना बँकेचे व्यवहार करायला लावणं बरं नाही. आणि देण्याआधी पूर्ण रिसेट करा. तुमच्या ऑफिसचे मेल आणि तुमचे अर्धवट लॉगिन वडिलांच्या माथी कशाला?

खातं झालं की खोक्यातला पाहुणा काढायचा. बहुतेक लॅपटॉपवर कुठला तरी अँटिव्हायरस थोड्या दिवसांपुरता फुकट बसवलेला असतो. मुदत संपली की तो रोज भीती घालतो, पैसे मागतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. वनड्राइव्हचंही तसंच. फुकट जागा ५ जीबी, डेस्कटॉपवरचं सगळं त्यात आपोआप चढतं आणि जागा भरली की पैशाची सूचना येते. ज्या माणसाला आपण ‘पैसे मागणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवू नका’ असं शिकवतो, त्याच्यासमोर अशा खऱ्या सूचना नाचत ठेवू नयेत. बॅकअप बंद करा आणि फोटोंसाठी एक वेगळी हार्ड डिस्क द्या.

मग यंत्र तिच्या सवयीचं करायचं, आणि खरी गंमत इथे आहे. माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिला संगणक येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिच्या पिढीच्या शिक्षकांनी एमएस-सीआयटी केलेली आहे. २००१ मध्ये एमकेसीएलने हा अभ्यासक्रम सुरू केला, आणि वेतनवाढ अडू नये म्हणून निम्मं स्टाफरूम संध्याकाळी माउस धरायला शिकत होतं. तिला ‘स्टार्ट’ माहीत होतं, फक्त ते डाव्या कोपऱ्यात माहीत होतं. विंडोज ११ ने ते मधे आणून ठेवलं. ‘अरे, ते होतं तिथून कोणी हलवलं?’ असं तिने विचारलं. टास्कबारच्या सेटिंगमध्ये ‘लेफ्ट’ निवडलं, आणि बाईंचा हात बरोबर कोपऱ्यात गेला. अक्षरांचा आकार ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन वाढवला, माउसचा बाण मोठा करून पिवळा केला. चष्म्याचा नंबर विचारायची गरज पडली नाही.

तिच्याकडे एक पेनड्राइव्ह निघाला. त्यात तिने टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका. उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. अशा फायली खराब समजून उडवू नका. युनिकोडच्या आधीचं बरंचसं मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये झालं आहे. फायलीत असतात इंग्रजी अक्षरांच्याच खुणा; त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाँट नाही, तर मराठी नाही. तो बसवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मजकूर जिवंत होतो.

नव्या मराठी टायपिंगसाठी बाहेरून काही उतरवावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कळफलक मिळतात. विंडोजची की दाबून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्याला फोनेटिक द्या. नव्याने, नीट शिकायची तयारी असेल तर इनस्क्रिप्टच. हातांनी लिहायचा कंटाळा असेल तर गूगल डॉक्समध्ये माइकची खूण दाबून मराठीत बोललं तरी उमटतं. विंडोजसोबत वर्षानुवर्षं आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला आहे, हे जाता जाता सांगितलं तर मराठीच्या बाईंना बरं वाटतं. मेनूंची भाषा मात्र इंग्रजीच ठेवावी असं माझं मत. फोनवर मदत करणाऱ्याच्या पडद्यावर आणि तिच्या पडद्यावर एकच शब्द असले की निम्मी भांडणं वाचतात.

वस्तीवर राहणाऱ्यांकडे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक. नव्या यंत्राचे पहिले अपडेट तेवढा डेटा सकाळी सकाळीच गिळतात आणि मग व्हिडिओ कॉल लागत नाही. त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. पहिले मोठे अपडेट गावात ज्याच्याकडे फायबर असेल त्याच्याकडे रात्रभर लावून उरकून घ्या.

आता कामाचं. लॅपटॉप आला म्हणजे सगळी सरकारी कामं त्यावर होतील, अशी आशा लावू नका. ई-पीक पाहणीला उभ्या पिकाचा फोटो लागतो, तिथे मोबाइलच हवा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला लॅपटॉपवरून काढायचा तर बोटाचा ठसा घेणारं यंत्र जोडावं लागतं. मोबाइलवर चेहरा दाखवून भागतं. सातबारा मात्र मोठ्या पडद्यावरच वाचावा. नुसता पाहायला महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. अर्ज भरताना जिल्हा सापडला नाही तर गोंधळू नये, हेही सांगून ठेवा. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या नावाला मंजुरी दिली, पण काही याद्यांत अहिल्यानगर असतं, काहींत अजून अहमदनगर.

ही सगळी संकेतस्थळं ब्राउझरमध्ये बुकमार्क करून द्या आणि तिथूनच जायची सवय लावा. गूगलवर ‘सातबारा’ किंवा बँकेचं नाव शोधलं की पहिल्या ओळीत जाहिरात येते, कधी बनावट साइटही. सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं, त्यामुळे तेवढी शेपटी बघायला शिकवलं तरी बराच धोका टळतो. शिवाय ब्राउझरमधल्या नोटिफिकेशन सरसकट बंद करा. बातमी वाचताना चुकून ‘अलाव’ दाबलं जातं आणि मग कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ असे खोटे फलक उगवत राहतात.

दुरून मदत करायला विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. तुम्ही पुण्यातून सहा अक्षरांचा कोड सांगायचा, तिने तो टाकायचा, तिचा पडदा तुम्हाला दिसतो. हीच युक्ती भामटेही वापरतात. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवा, बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलेला. तो सांगितल्याशिवाय आत्याने कोड टाकायचा नाही, आवाज भाच्याचा वाटला तरी. बँकेचा, विजेचा, मायक्रोसॉफ्टचा, पोलिसांचा म्हणून फोन करणारा माणूस एनीडेस्क किंवा असलं काही बसवायला सांगू लागला, की फोन ठेवायचा. पडदा भरून सायरन वाजू लागला आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर पॉवरचं बटण यंत्र बंद होईपर्यंत दाबून धरायचं. हे तोंडी सांगून पुरत नाही. एकदा तिच्या हातून बटण दाबवून घ्या.

एवढं करूनही पैसे गेले, तर लाजेने दोन दिवस गप्प बसू नये, हे आधीच सांगून ठेवा. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० आहे. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पुढच्या खात्यात ते पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त. नंबर मोठ्या अक्षरात लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवा. आधी १९३०, मग पुण्याला फोन.