नावामागचं झाड (भाग ७) : कागदावरची फांदी

लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली, इथपर्यंत आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. तो भाग वाचून एकाने फोनवर विचारलं, "नाव दिलं ते ठीक, पण ते नेमकं कुठल्या झाडाचं, हे ठरवायचं कशावरून?" प्रश्न बिनतोड आहे. 'पानं लंबगोल, देठ आखूड' अशा वर्णनात दहा झाडं सहज बसतात. म्हणून ज्या नमुन्यावरून नाव दिलं, तो नमुनाच वाळवून जपून ठेवतात. त्याला 'टाइप' म्हणतात आणि नाव कायमचं त्याच्याच गळ्यात बांधलेलं असतं. टाइप देखणा असतोच असं नाही. किडीने खाल्लेलं एखादं पान आणि अर्धवट फूलसुद्धा हा मान मिळवून बसलेलं असतं.

असे नमुने जिथे ठेवतात ते हर्बेरियम. 'शुष्क वनस्पतिसंग्रह' असा शब्द मराठीत आहे, पण तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. जगात अशी साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांत सुमारे ४० कोटी नमुने. कोलकात्याचं मोठं आहेच, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे.

काम दिसायला सोपं. फांदी फुलासकट तोडायची, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, लाकडी प्रेसमध्ये आवळायची, वाळली की जाड कागदावर शिवायची किंवा डकवायची. पण सह्याद्री फुलतो नेमका पावसात, आणि पावसात वाळतं काय? कागद दिवसातून दोनदा बदलले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी फांदीवर बुरशी. कंदीलपुष्पासारख्या फुलाचा तर कंदीलच चपटा होतो, म्हणून एखादं फूल वेगळं स्पिरिटच्या बाटलीत ठेवावं लागतं. रंग तर जवळजवळ सगळेच उडतात. जांभळं फूल चहाच्या चोथ्यासारखं होतं. म्हणून ताजेपणीचा रंग तिथल्या तिथे वहीत टिपायचा.

खरी किंमत खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीला. गाव, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. कॉलेजात असताना मी एका चिठ्ठीवर 'भीमाशंकर, पावसाळा' एवढंच लिहिलं होतं. सरांनी न बोलता फांदी सोडवली आणि केरात टाकली. कागद मात्र परत दिला, तो महाग होता.

आता कपाटातून काय निघतं ते बघा. लंडनमधल्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममध्ये बोलिव्हियातल्या राक्षसी कमळाचा एक नमुना १७७ वर्षं पडून होता. व्हिक्टोरिया वंशाच्या दोनच जाती तेव्हा ठाऊक होत्या, त्यांतलीच ही एक, असं सगळे धरून चालले होते. दोष फक्त त्यांचा नाही. तीन मीटर रुंद, काटेरी पान दाबायचं कुठल्या प्रेसमध्ये? त्यामुळे या वंशाचे नमुनेच जगात मोजके. क्यूमधल्या कार्लोस मॅग्डालेना यांना फोटो पाहून शंका आली, बोलिव्हियाहून बिया आल्या, तिन्ही प्रकार शेजारी शेजारी वाढवले, आणि २०२२ साली व्हिक्टोरिया बोलिव्हियाना ही तिसरी जात जाहीर झाली. हा प्रकार अपवादाचा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत ओळख पटते ती जेमतेम १६ टक्के नव्या जातींची. बाकीच्या कपाटात वाट बघतात.

कधी कधी तर फांदीला असे प्रश्न विचारले जातात, जे तोडणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते. वुडवर्ड या शास्त्रज्ञाने केंब्रिजच्या संग्रहातली दोनशे वर्षांतली पानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि पर्णरंध्रं मोजली. दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली निघाली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तशी पानाला तेवढ्या छिद्रांची गरज उरली नाही. हे १९८७ साली छापून आलं. ती पानं खुडणाऱ्यांना फक्त झाडाचं नाव हवं होतं.

आणि कपाटच जळालं तर? १ मार्च १९४३च्या रात्री बर्लिनवर बॉम्ब पडले आणि तिथल्या हर्बेरियमचे चाळीसेक लाख नमुने बहुतांशी भस्मसात झाले. त्यांत कितीतरी टाइप होते, म्हणजे तितकी नावं निराधार झाली. त्यातल्या त्यात नशीब असं की शिकागोच्या फील्ड म्युझियमचा मॅकब्राइड हा माणूस १९२९पासून युरोपात फिरून टाइपचे फोटो काढत होता, बर्लिनमधलेही. आज दक्षिण अमेरिकेतल्या काही वनस्पतींच्या बाबतीत त्या निगेटिव्हच काय तो पुरावा. काही नावं मात्र वाचली, कारण त्याच झाडाच्या, त्याच दिवशी तोडलेल्या दुसऱ्या फांद्या इतर शहरांत धाडलेल्या होत्या. जाणकार अजूनही एकाच झाडाच्या तीन-चार फांद्या तोडतात, सगळ्यांना एकच क्रमांक घालतात, आणि एक घरी ठेवून बाकीच्या टपालाने दूरच्या हर्बेरियमांना पाठवतात.