क्षणोक्षणी उणावणाऱ्या औषधाचे माप

तंजावरच्या सरफोजी महाराजांनी आपल्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल उभारला, तेव्हा तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा भिन्न वैद्यकपद्धतींचा एकाच छपराखाली अभ्यास होऊ लागला. या पद्धतींत मतभेदांची कमतरता नव्हती. परंतु औषध तराजूत घालता येते आणि आज तोललेली गुंज उद्याही गुंजच भरते, याविषयी त्यांपैकी कोणालाच शंका घेण्याचे कारण नव्हते. आपल्या काळातील अणुवैद्यकाने मात्र ही दोन्ही गृहीते मोडीत काढली.

अस्थींच्या तपासणीसाठी, म्हणजे रुग्णालयीन बोलीत ‘बोन स्कॅन’साठी, साधारणतः २० मिलिक्युरी टेक्नेशियम-९९एम रुग्णाच्या शिरेतून देतात. या मात्रेत टेक्नेशियमचे वस्तुमान ग्रॅमच्या अब्जांशाच्या जेमतेम चौपट भरते, आणि तिचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो. जे द्रव्य तोलता येत नाही आणि क्षणभरही स्थिर राहत नाही, त्याचे माप घ्यावयाचे तर सेकंदाला त्याची किती अणुकेंद्रे विघटन पावतात हेच मोजावे लागते. एक क्युरी म्हणजे सेकंदाला ३७ अब्ज विघटने. त्या हिशेबाने उपरोक्त मात्रेत सेकंदाला ७४ कोटी विघटने घडत असतात.

हे मापन करणारे यंत्र ‘डोस कॅलिब्रेटर’ या नावाने ओळखले जाते. ज्या खोलीत ते असते तिला ‘हॉट लॅब’ म्हणतात, आणि तेथे शिशाच्या विटांच्या आड ठेवलेले हे यंत्र दिसावयास अगदीच साधे असते. दुहेरी भिंतीचे एक धातूचे नळकांडे, मधोमध वरून उघडी अशी खोल पोकळी आणि शेजारी आकडे दाखविणारी पेटी, एवढाच त्याचा सरंजाम. दोन भिंतींमध्ये दाबाखाली आर्गॉन वायू कोंडलेला असतो. तंत्रज्ञ भरलेली सिरिंज प्लास्टिकच्या लांब दांड्याच्या धारकात ठेवून पोकळीत उतरवितो. तिच्यातून निघणारे गॅमाकिरण वायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉन वेगळे करतात, विद्युद्दाबामुळे ते विद्युदग्रांकडे ओढले जातात आणि अतिशय सूक्ष्म असा प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहावरून यंत्र आकडा काढते. परंतु प्रत्येक समस्थानिकाच्या किरणांची ऊर्जा निराळी, सबब समान विघटनांपासून मिळणारा प्रवाहही निराळा. म्हणून आयोडिनचे बटण दाबून टेक्नेशियम मोजल्यास यंत्र तितक्याच निश्चिंतपणे चुकीचा आकडा दाखविते. ज्यांचे किरण क्षीण, अशा समस्थानिकांच्या बाबतीत तर काचेची कुपी आणि प्लास्टिकची सिरिंज यांतील भेदानेही आकडा बदलतो.

एवढ्या काटेकोरपणाचे प्रयोजन मागोवा-द्रव्याच्या मूळ कल्पनेतच आहे. जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली ही वाट प्रथम दाखविली, व त्याबद्दल त्याला १९४३ चे नोबेल पारितोषिक लाभले. द्रव्य इतके अल्प द्यावयाचे की शरीराच्या व्यापाराला त्याची दखलही घ्यावी लागू नये, परंतु कॅमेऱ्याला ते दिसावे. मात्रा कमी पडली तर प्रतिमा धूसर येते. अधिक झाली तर रुग्णाच्या देहावर अकारण किरणांचा भार पडतो.

हिशेबात काळ कसा शिरतो ते पाहण्याजोगे आहे. अकरा वाजता २० मिलिक्युरी द्यावयाची असेल आणि सिरिंज आठ वाजताच भरून ठेवली असेल, तर ती भरताना आकडा २८ च्या किंचित वर असला पाहिजे. म्हणून नोंदीत आकड्याबरोबर घटका-वेळ लिहिलेली नसेल, तर तो आकडा निरर्थक होय. कावेरीच्या तीरावरील तिरुवैयारुच्या एखाद्या रुग्णासाठी मुंबईहून तयार टेक्नेशियम धाडले आणि वाटेत दोन दिवस गेले असे मानले, तर पोहोचेल तो सुमारे अडीचशेवा हिस्सा. यावर तोड अशी की, टेक्नेशियम न पाठविता त्याचे जनकद्रव्य मॉलिब्डेनम-९९ पाठवावयाचे. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे होण्यास लागणारा काळ, ६६ तासांचा, त्यामुळे दोन दिवसांनंतरही साठ टक्के शिल्लक राहते, आणि रुग्णालयात रोज सकाळी त्यातून ताजे टेक्नेशियम वेगळे काढता येते. आपल्याकडील अनेक रुग्णालयांत हे काम मेथिल एथिल कीटोन या द्रावकाच्या साहाय्याने करीत. मात्र त्यात मॉलिब्डेनमचा अंश उतरलेला नाही ना, याची खातरजमा करावी लागते. त्यासाठी कुपी शिशाच्या डबीत घालून पुन्हा त्याच यंत्रात ठेवतात: टेक्नेशियमचे सौम्य किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे तीव्र किरण पार होतात. टेक्नेशियमच्या प्रत्येक मिलिक्युरीमागे मॉलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरीहून अधिक भरल्यास ते औषध त्याज्य ठरते.

ही विद्या आपल्या देशात रुजली ती प्रामुख्याने मुंबईत. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली, १९६० साली ‘सायरस’ आली, आणि देशी समस्थानिकांची निर्मिती शक्य झाली. १९६३ साली परळ येथे ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ स्थापन झाले. तेथे थायरॉइडच्या विकारांवर आयोडिन-१३१ चे उपचार तर झालेच, शिवाय येथे शिकून गेलेल्या वैद्यांनी व तंत्रज्ञांनी देशभरातील केंद्रे चालविली. २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन याच संस्थेत बसले. त्यातून निघणाऱ्या फ्लुओरिन-१८ चा अर्धायुकाल जेमतेम ११० मिनिटांचा, म्हणजे मापनातील दिरंगाईला तेथे आणखीच कमी वाव उरला.

मापकाचे माप कोण घेणार, हा प्रश्न शेवटी उरतोच. त्यासाठी दररोज सकाळी, पहिली मात्रा मोजण्यापूर्वी, सीझियम-१३७ चा मोहोरबंद स्रोत यंत्रात ठेवून रुजवात करतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे तीस वर्षांचा असल्याने आज काय आकडा यावा हे आधीच ठाऊक असते. सर्वसाधारणपणे पाच टक्क्यांहून अधिक तफावत दिसली तर काम थांबवून कारण शोधावयाचे. ठराविक मुदतीने एखादी प्रबळ मात्रा यंत्रात ठेवून, ती क्षीण होत जाईल तसतसे आकडे अपेक्षित उतरणीशी जुळतात की नाही, हेही पाहतात. आणि या सर्वांच्या मुळाशी भाभा अणुसंशोधन केंद्राने राखलेली राष्ट्रीय प्रमाणे आहेत; तेथून प्रमाणित आयोडिन-१३१ केंद्राकेंद्रांना धाडून त्यांच्या मोजमापाचा मुकाबला केला जातो.

नवे केंद्र उघडले की उद्घाटनाच्या वृत्तांतात कॅमेऱ्याची किंमत छापून येते, आणि शिशाच्या विटांआडच्या या नळकांड्याचा उल्लेखही नसतो. तथापि कॅमेऱ्याने दाखविलेल्या प्रतिमेचे मोल मात्रेच्या आकड्यावर ठरते, तो आकडा यंत्राच्या रोजच्या रुजवातीवर उभा असतो, आणि ती रुजवात कोणी पाहत नसताना करावयाची असते. तेव्हा एखाद्या केंद्राची परीक्षा घेण्याचा प्रसंग आलाच, तर प्रथम त्याची सकाळची नोंदवही मागवावी.