कानाचा जमाखर्च

पहाटेची चर्चगेट लोकल विरार स्थानकात उभी राहते, तेव्हा फलाटावरचे दिवे अद्याप मालवलेले नसतात. ठरलेल्या डब्यात ठरलेली मंडळी आपापल्या जागी बसतात आणि नालासोपारा येण्यापूर्वी टाळांचा पहिला ठेका पडतो. पखवाज नसला तरी अडत नाही, डब्याच्या पत्र्यावर बोटांची थाप पुरते. अभंग उचलणाऱ्यांत कचेरीतील कारकून असतो, कापडबाजारातील मेहताजी असतो आणि स्वतःची पेढी असलेला शेठही असतो. त्याच डब्यात, हाताच्या अंतरावर, उरलेले प्रवासी कानांत इयरफोन घालून डोळे मिटून बसलेले असतात. एका डब्यात ऐकण्याच्या दोन रीती शेजारीशेजारी प्रवास करतात.

दोहोंपैकी कोणती रीत चांगली, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. भजनी मंडळींना साठ किलोमीटरचा रस्ता जड जात नाही, कोणी चार दिवस दिसला नाही तर त्याची चौकशी होते. परंतु रात्री उशिरा दुकान बंद करून पहाटे पुन्हा निघालेल्या माणसाला तेवढीच झोप हवी असते. त्याच्या दृष्टीने समोरच्यांची आवड ही त्याच्यावर लादलेली असते. सहप्रवाशांना उपद्रव देणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४५ नुसार गुन्हा आहे. म्हणून अनेक मंडळी आवाज सांभाळून गातात आणि कोणी विनंती केली तर थांबतात. एकत्र ऐकण्याला शेजाऱ्याची संमती लागते, हे त्यांना प्रवासानेच शिकविले आहे.

घरातील चित्रही याच दोन टोकांमध्ये फिरलेले आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती आली. घरात फळीवर एकच रेडिओ असे. कोणते गाणे लागणार हे केंद्र ठरवी, वेळ घड्याळ ठरवी आणि बटणावर हात वडिलधाऱ्यांचा असे. सर्वांनी मिळून ऐकण्याचा आनंद खरा होता, तसेच सुनेने किंवा मुलीने स्वतःच्या पसंतीचे गाणे मागू नये हा संकोचही खरा होता. आज स्वयंपाकघरात ओट्याजवळ ठेवलेल्या मोबाइलवर ती स्वतःला हवे ते ऐकते. हा लाभ लहान नव्हे. मात्र त्याच घरात सायंकाळी चार माणसे चार गाणी ऐकत एका खोलीत बसतात आणि कोण काय ऐकतो हे कोणालाच ठाऊक नसते, हा तोटाही लहान नव्हे.

तोट्याची दुसरी बाजू आकड्यांत मांडता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० डेसिबल झाला, तर हीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. मुलांसाठी ती आणखी कडक आहे, ४० तासांना ७५ डेसिबल. आता विरार ते चर्चगेट जाण्यायेण्याचे सुमारे तीन तास धरावेत. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी प्रवासी आवाज वाढवीत नेतो. तो ९० पर्यंत गेला, तर सोमवारी उघडलेले खाते मंगळवारी सकाळच्या प्रवासातच रिकामे होते आणि पुढचा सारा आठवडा उधारीवर चालतो. ही उधारी फेडता येत नाही, कारण अंतःकर्णातील सूक्ष्म संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. बाहेरचा आवाज अडवणारे, कानात नीट बसणारे इयरफोन वापरले तर गाणे मोठे करावे लागत नाही. शेजाऱ्यालाही ऐकू जात असेल, तर ते नक्कीच मोठे आहे.

दुकानातही निवड एकट्याची नसते. गल्ल्यावरच्या शेठने लावलेले गाणे ग्राहक दहा मिनिटे ऐकतो, नोकर मात्र दहा तास ऐकतो. सकाळी स्तवन, दुपारी मंद वाद्यसंगीत आणि हिशेबाच्या वेळी शांतता, अशी वाटणी केली तर नोकराच्या कानांनाही विसावा मिळतो. दुकानात ध्वनिमुद्रित गाणी वाजविण्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो, ही गोष्टही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी.

वेळ ठरवून एकत्र ऐकण्याची रीत जैन घरांना अपरिचित नाही. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत नऊ दिवस श्रीपाळ रास गायला जातो. विनयविजयजींनी आरंभिलेला हा रास त्यांच्या पश्चात यशोविजयजींनी पूर्ण केला. त्यात श्रीपाळ वीणावादनाची स्पर्धा जिंकतो आणि पुढे सोपारक नगरीच्या राजकन्येचे प्राण वाचवितो. ते सोपारक म्हणजेच आजचे नालासोपारा. ज्या स्थानकावरून इयरफोन घातलेले हजारो प्रवासी रोज गाडीत शिरतात, त्या गावाचे नाव घरोघरी अशा एकत्र गाण्यातून टिकले आहे.

वर्षातून दोनदा जे नऊ दिवस साधते, ते रोज थोडे साधता येते. ४८ मिनिटांच्या सामायिकासाठी दिवसातून वेळ काढणाऱ्या घराला रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे काढणे कठीण नाही. त्या वेळी सर्वांचे इयरफोन बाजूला राहावेत आणि एकच गाणे सर्वांनी ऐकावे. निवड मात्र आळीपाळीने व्हावी, एके दिवशी आजोबांची, दुसऱ्या दिवशी सुनेची, तिसऱ्या दिवशी नातवाची. नातवाचे गाणे आजोबांना रुचेलच असे नाही. पण ते कोणते आहे, एवढे तरी त्यांना कळेल.