लिबपीएनजी

लिबपीएनजी ही पोर्टेबल नेटवर्क ग्राफिक्स म्हणजेच पीएनजी या स्वरूपातील प्रतिमा वाचण्यासाठी व लिहिण्यासाठी वापरली जाणारी, सी भाषेत लिहिलेली मुक्तस्रोत लायब्ररी आहे. अनेक प्रोग्राम पीएनजी चित्रे उघडण्याचे काम स्वतः न करता या लायब्ररीवर सोपवतात. तिचा स्रोतसंकेत निरनिराळ्या संकलकांनी (कंपायलरांनी) बांधता येतो. मात्र अशा रीतीने बांधलेली लायब्ररी प्रत्येक प्रोग्रामला बिनचूक जोडली जाईलच असे नाही. प्रस्तुत लेखात लायब्ररीचा थोडक्यात परिचय आणि तिच्या बांधणी व जोडणीतील मुख्य बाबी दिल्या आहेत.

इतिहास

जीआयएफ या प्रतिमा-स्वरूपात वापरल्या जाणाऱ्या एलझेडडब्ल्यू संकोचनपद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. त्यावरून निर्माण झालेल्या वादानंतर १९९५ साली पीएनजी या पेटंटमुक्त स्वरूपाची आखणी सुरू झाली. १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची शिफारस प्रसिद्ध केली. याच काळात गाय एरिक शाल्नाट यांनी लिबपीएनजी लिहिली. पुढे अँड्रियास डिल्गर, ग्लेन रँडर्स-पेअरसन आणि कॉस्मिन ट्रुटा यांनी क्रमाने तिची देखभाल केली.

झेडलिबवरील अवलंबन

पीएनजीमधील चित्रविदा डिफ्लेट पद्धतीने संकोचित केलेली असते. हे संकोचन व प्रसरण लिबपीएनजी स्वतः करत नाही. त्यासाठी ती जाँ-लू गाई आणि मार्क अॅडलर यांनी लिहिलेल्या झेडलिब या दुसऱ्या लायब्ररीचा आधार घेते. त्यामुळे बांधणीत झेडलिब आधी तयार असावी लागते. याखेरीज काही गणिती फलनांसाठी युनिक्ससदृश प्रणालींवर सी भाषेची गणित लायब्ररीही जोडावी लागते.

बांधणीचे टप्पे

सी भाषेतील प्रोग्राम तयार होण्याचे दोन मुख्य टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात संकलक प्रत्येक स्रोत फाइलचे रूपांतर ऑब्जेक्ट फाइलमध्ये करतो. या वेळी त्याला केवळ शीर्षफाइल म्हणजे हेडर फाइल पुरेशी असते. शीर्षफाइल ही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी असते: कोणते फलन आहे व ते कसे हाक मारावे हे तीत सांगितलेले असते, प्रत्यक्ष मजकूर मात्र तीत नसतो. तो मजकूर शोधून जोडण्याचे काम दुसऱ्या टप्प्यात लिंकर करतो. म्हणून संकलन निर्वेध पार पडूनही जोडणी अयशस्वी होऊ शकते, आणि 'अपरिभाषित संदर्भ' अशा अर्थाचा संदेश लिंकर देतो.

लिबपीएनजीच्या स्रोतसंकेतासोबत कॉन्फिगर आज्ञावली, सीमेकची विवरणफाइल आणि स्क्रिप्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये जीसीसी, मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी, बोर्लंड इत्यादी संकलकांसाठी स्वतंत्र मेकफाइली दिलेल्या असतात. बांधणीत 'पीएनजीलिबकॉन्फ' नावाची शीर्षफाइल तयार होते. लायब्ररीतील कोणत्या सोयी समाविष्ट आहेत याची नोंद तीत असते. लायब्ररी एका नोंदीने बांधून प्रोग्राम दुसऱ्या नोंदीने संकलित केल्यास दोघांचा मेळ बसत नाही.

स्थिर व सामायिक जोडणी

स्थिर जोडणीत लायब्ररीचा संकेत प्रोग्रामच्या फाइलमध्येच उतरवला जातो. जीएनयू लिंकर स्थिर लायब्ररी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. त्यामुळे आज्ञेत प्रथम प्रोग्रामच्या ऑब्जेक्ट फाइली, नंतर लिबपीएनजी, त्यानंतर झेडलिब व शेवटी गणित लायब्ररी असा क्रम ठेवावा लागतो. झेडलिब आधी लिहिल्यास लिबपीएनजीला हवी असलेली फलने सापडत नाहीत. हा क्रम चुकणे ही नवशिक्या विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक आहे. पीकेजी-कॉन्फिग हे साधन योग्य पर्याय आपोआप पुरवते.

सामायिक जोडणीत लायब्ररी स्वतंत्र फाइल म्हणून राहते व प्रोग्राम चालताना ती स्मृतीत घेतली जाते. विंडोजवर या फाइलला डीएलएल म्हणतात. तिच्याशी जोडणी करताना सामान्यतः आयात लायब्ररी वापरतात.

संकलकांमधील भेद

एका संकलकाने बांधलेली लायब्ररी दुसऱ्या संकलकाने बांधलेल्या प्रोग्रामला जोडताना पुढील अडचणी संभवतात.

ऑब्जेक्ट फाइलचे स्वरूप : विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा संकलक व मिनजीडब्ल्यू हे कॉफ स्वरूप वापरतात, तर बोर्लंडचा ३२ बिटी संकलक ओएमएफ हे स्वरूप वापरत असे. त्यामुळे मायक्रोसॉफ्टची आयात लायब्ररी बोर्लंडच्या लिंकरला वाचता येत नसे. अशा वेळी बोर्लंडच्या इम्प्लिब या साधनाने डीएलएलपासून नवी आयात लायब्ररी तयार केली जाई. तसेच ३२ बिटी लायब्ररी ६४ बिटी प्रोग्रामला जोडता येत नाही.

सी रनटाइम : विंडोजवर लायब्ररी व प्रोग्राम यांचे सी रनटाइम वेगवेगळे असू शकतात. प्रोग्रामने उघडलेल्या फाइलचा निर्देशक 'पीएनजी इनिट आयओ' या फलनाद्वारे लिबपीएनजीला दिला जातो. दोन्ही बाजूंचे रनटाइम भिन्न असल्यास त्या निर्देशकाची अंतर्गत रचना लायब्ररीला कळत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. येथे संकलक अथवा लिंकर कोणतीही पूर्वसूचना देत नाही. यावर उपाय म्हणजे एकच रनटाइम वापरणे, किंवा 'पीएनजी सेट रीड एफएन' या फलनाद्वारे वाचनाचे काम प्रोग्रामने स्वतःकडे ठेवणे.

त्रुटी-हाताळणी : त्रुटी आढळल्यास लिबपीएनजी सी भाषेतील सेटजंप व लाँगजंप ही यंत्रणा वापरते. त्यासाठी लागणाऱ्या साठ्याचा आकार संकलकागणिक बदलतो. जुन्या आवृत्त्यांत हा साठा लायब्ररीच्या मुख्य रचनेतच असल्याने आकारातील फरकामुळे पुढील सर्व घटकांची स्थाने सरकत. १.५ या आवृत्तीपासून ही रचना प्रोग्रामपासून लपवण्यात आली, आणि प्रोग्रामने स्वतःचे लाँगजंप फलन व साठ्याचा आकार लायब्ररीस कळवावा अशी व्यवस्था झाली.

प्रक्रियकानुरूप फाइली : एआरएम प्रक्रियकांसाठी निऑन सूचनांवर आधारित वेगवान संकेत स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. त्या फाइली बांधणीत घेतल्या नाहीत, तर निऑनसंबंधी फलन अपरिभाषित असल्याचा संदेश येतो. अशा वेळी त्या फाइली समाविष्ट कराव्यात किंवा संबंधित पर्यायास शून्य मूल्य देऊन ती सोय बंद करावी.

आवृत्तींची पडताळणी

वाचनाचा आरंभ करताना प्रोग्राम आपण कोणत्या आवृत्तीच्या शीर्षफाइलीने संकलित झालो आहोत हे लिबपीएनजीला कळवतो. आवृत्तीचे पहिले दोन आकडे जुळले नाहीत, तर लायब्ररी इशारा देऊन काम नाकारते. सामायिक लायब्ररीच्या नावातही हे आकडे असतात, त्यामुळे १.२ व १.६ या आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी राहू शकतात.

सुरक्षा

जोडणीच्या प्रकाराचा सुरक्षेशी निकटचा संबंध आहे. २००४ साली लिबपीएनजीत साठा-अतिक्रमणाचे गंभीर दोष उघड झाले; मुद्दाम बिघडवलेले चित्र उघडताच परका संकेत चालवला जाण्याची शक्यता त्यांतून निर्माण झाली होती. सामायिक लायब्ररी वापरणाऱ्या प्रणालीवर एक फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्राम पुन्हा सुरू करताच सुरक्षित होतात. स्थिर जोडणी केलेल्या प्रोग्राममध्ये मात्र जुना संकेत तसाच राहतो, आणि प्रत्येक प्रोग्राम नव्याने बांधून वितरित करावा लागतो. म्हणून स्थिर जोडणी निवडणाऱ्याने लायब्ररीची आवृत्ती नोंदवून ठेवणे व सुधारित आवृत्ती येताच पुनर्बांधणी करणे आवश्यक ठरते.